वाचकांचे प्रश्न : तांबट, त्याची फळे आणि वाळलेली फांदी

थंडी सरली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये एका पक्ष्याविषयीची पत्रे हमखास वाढतात. बहुतेक पत्रांत आधी आवाजाचा उल्लेख असतो, मग पक्षी दिसत नाही याची तक्रार असते, आणि काही पत्रांत झाडाची फांदी तोडावी की ठेवावी असा अगदी व्यवहारातला प्रश्न असतो. तो पक्षी म्हणजे तांबट. या वेळचे संपूर्ण सदर आम्ही त्यालाच दिले आहे.

प्रश्न : आमच्या घरामागे पिंपळाचे आणि आंब्याचे जुने झाड आहे. फेब्रुवारी लागल्यापासून सकाळपासून थेट भर दुपारपर्यंत ‘टुक्, टुक्, टुक्’ असा एकसुरी आवाज येतो. वडील म्हणतात की हा तांबट आहे. मात्र आवाजाच्या रोखाने पाहिले तर तेथे काहीच नसते आणि थोड्याच वेळात तो आवाज दुसऱ्याच बाजूने येऊ लागतो. हा एकच पक्षी आहे की अनेक?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे बरोबर आहे. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके पडावेत तसा हा आवाज असतो आणि त्यावरूनच पक्ष्याला तांबट म्हणतात. बहुधा आपण ऐकता तो पक्षी एकच आहे आणि तो जागचा हललेलाही नसतो. आवाज काढताना तांबट मान एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला वळवत राहतो. त्यामुळे ठोके कधी जवळून तर कधी लांबून आल्यासारखे वाटतात आणि ऐकणाऱ्याची दिशा चुकते.

हा आवाज निघतो तो मिटलेल्या चोचीतून. तांबटाच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना उघड्या त्वचेचा एकेक लहानसा भाग असतो. प्रत्येक ठोक्याला ही त्वचा फुगते आणि लगेच बसते, आणि त्याच तालावर डोके किंचित खालीवर होते. सुरुवातीचे एक-दोन ठोके दबके असतात. पुढे आवाज आणि लय स्थिर होतात आणि मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे ठोके या गतीने पक्षी बराच वेळ न थांबता आवाज काढू शकतो. उन्हाच्या तडाख्यात इतर बहुतेक पक्षी गप्प झाले तरी तांबटाचे ठोके चालूच असतात, म्हणून तो आपल्याला दुपारी अधिक जाणवतो. हे ठोके म्हणजे आपल्या हद्दीची घोषणा आणि जोडीदाराला घातलेली साद असते. विणीचा काळ जवळ आला की ती वाढते आणि हिवाळ्यात जवळपास बंद पडते. हिवाळ्यात पक्षी कोठे निघून जातो, असे अनेकांनी विचारले आहे. तो कोठेही जात नाही. तो त्याच परिसरात, त्याच झाडांवर राहतो आणि फक्त बोलत नाही.

त्याला पाहायचे असेल तर आवाजाचा माग काढू नये. कोवळे ऊन पडताच उंच झाडाचा निष्पर्ण शेंडा पाहावा. तांबटांना सकाळी अशा उघड्या फांदीवर ऊन खात बसण्याची सवय असते आणि अनेकदा दोन-तीन पक्षी शेजारी शेजारी बसलेले दिसतात. आपल्याकडे दुर्बीण नसली तरी उन्हात तोंड करून बसलेल्या तांबटाच्या छातीवरचा लाल पट्टा नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येतो.

प्रश्न : छायाचित्रातला तांबट इतका रंगीत दिसतो, मग झाडात तो का सापडत नाही? आणि नर व मादी कसे ओळखावेत?
– एक विद्यार्थिनी, अकोला

उत्तर : त्याचे सगळे भडक रंग पुढच्या बाजूला आहेत. कपाळ किरमिजी, डोळ्याच्या वर आणि खाली पिवळा ठिपका, गळा पिवळा, त्याखाली छातीवर किरमिजी पट्टा आणि पाय पोवळ्यासारखे लाल. पाठ, पंख आणि शेपटी मात्र पानांसारखी हिरवी असते आणि पोटावर फिकट रंगात हिरवट रेघा असतात. पक्षी पाठमोरा बसला की तो पानांत मिसळून जातो. आकाराने तो चिमणीपेक्षा मोठा पण साळुंकीपेक्षा लहान, म्हणजे सुमारे १५ ते १७ सेंटिमीटर लांबीचा असतो. चोच काळी, जाड असते आणि तिच्या मुळाशी राठ केस असतात. नर आणि मादी दिसायला सारखेच असतात, त्यामुळे केवळ रंगावरून त्यांना वेगळे ओळखण्याचा प्रयत्न करू नये. पिल्ले फिकी असतात आणि त्यांच्या अंगावर लाल रंग नसतो.

प्रश्न : तांबट केवळ फळांवर जगतो का? आमच्या चिकूच्या आणि पेरूच्या बागेत तो दिसतो. त्याच्यापासून बागेचे नुकसान होते का?
– एक बागायतदार, पालघर जिल्हा

उत्तर : तांबटाचा मुख्य आहार फळांचा आहे, आणि त्यातही वड, पिंपळ, उंबर, नांदरूक या अंजीरकुळातील झाडांच्या फळांचा. याशिवाय तो इतर लहान रसाळ फळे खातो, कधी फुलांच्या पाकळ्या खातो, आणि वाळवीचे पंखवाले किडे किंवा इतर कीटक दिसले तर झाडावरून झेप घेऊन हवेतच पकडतो. पिल्लांनाही फळांबरोबर कीटक भरवले जातात. दिवसभरात तो आपल्या वजनाच्या दीडपटीहून अधिक फळे खातो. फळांत पाणी जास्त आणि पोषण तुलनेने कमी असल्यामुळे त्याला सतत खात राहावे लागते.

वडाच्या फळाविषयी येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण तांबटाचे सारे आयुष्य त्या फळाशी बांधलेले आहे. आपण ज्याला वडाचे किंवा उंबराचे फळ म्हणतो, तो खरे तर आतल्या बाजूला उमलणाऱ्या शेकडो बारीक फुलांचा बंद गुच्छ असतो. त्या फुलांचे परागीभवन एक अगदी लहान जातीची वरटी करते. अंजीरकुळातील जवळजवळ प्रत्येक जातीची स्वतःची अशी वरटी असते. प्रौढ मादी वरटी एखाद-दोन दिवसच जगते आणि तेवढ्या वेळात तिला आपल्याच जातीचे, योग्य अवस्थेतील फळ असलेले दुसरे झाड गाठावे लागते. परिसरातली सगळी झाडे एकाच वेळी बहरली आणि एकाच वेळी फळून मोकळी झाली, तर पुढच्या पिढीच्या वरटीला जागाच उरणार नाही. म्हणून ही झाडे आपापल्या वेळी फळतात. एक वड मार्गशीर्षात लालभडक होतो, तर शेजारच्या गावातला वड चैत्रात. वरटीच्या गरजेतून घडलेली ही व्यवस्था फळे खाणाऱ्या पक्ष्यांसाठी वर्षभराची शिदोरी ठरते. आंबा-जांभळाचा हंगाम संपला तरी कोठला ना कोठला वड, पिंपळ किंवा उंबर फळलेला असतोच. शिवाय या फळांत कॅल्शियमचे प्रमाण इतर बऱ्याच रानफळांपेक्षा जास्त असते आणि अंडी घालणाऱ्या मादीला त्याची गरज असते.

फळलेल्या वडावर तांबट एकटा नसतो. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, कोकीळ, बुलबुल, साळुंक्या, पोपट आणि कुटुरगे असे सगळे तेथे जमतात. तांबट लहान फळे अख्खी गिळतो आणि मोठी फळे टोचून त्यांतला गर काढतो. गिळलेल्या फळातल्या बारीक बिया पोटातून न बिघडता बाहेर पडतात आणि जेथे पडतील तेथे, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात, कड्याच्या भेगेत किंवा जुन्या भिंतीत, रुजतात. ताडावर वाढलेला वड किंवा वाड्याच्या भिंतीतून निघालेला पिंपळ हे अशाच पक्ष्यांचे काम आहे.

आता आपल्या बागेविषयी. तांबटाची चोच जाड असली तरी पक्षी लहान आहे, आणि चिकू-पेरूवर तो येतो तो बहुधा झाडावरच जास्त पिकलेल्या किंवा आधीच कोणीतरी फोडलेल्या फळासाठी. बागायतदाराला ज्या नुकसानीची खरी काळजी असते ते पोपटांचे आणि वटवाघळांचे असते. बागेच्या बांधावर एखादा उंबर राखला तर फळे खाणाऱ्या पक्ष्यांची बरीच वर्दळ तेथे होते. त्यामुळे बांधावरचे उंबर तोडू नयेत, असा आमचा आपल्याला आग्रहाचा सल्ला आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारातील गुलमोहराची एक जाड फांदी वाळली आहे. तिच्या खालच्या बाजूला सुबक गोल भोक पडले असून त्यात तांबटांची ये-जा चालू आहे. पावसाळ्यापूर्वी सर्व वाळक्या फांद्या काढण्याचा ठराव झाला आहे. काही सभासदांचे म्हणणे आहे की हा पक्षी झाड पोखरून मारतो, म्हणून भोक बुजवावे. आम्ही काय करावे?
– एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, पुणे

उत्तर : सर्वप्रथम, भोक बुजवू नये. त्यात अंडी किंवा पिल्ले असण्याची दाट शक्यता आहे.

तांबट झाड मारत नाही. त्याच्या चोचीत सुतार पक्ष्याइतकी ताकद नसते, त्यामुळे जिवंत, टणक लाकडात तो ढोली कोरत नाही. आधीच मेलेली, आतून भुसभुशीत झालेली फांदी त्याला लागते. गुलमोहर, पांगारा, शेवगा, आंबा अशा झाडांची वठलेली फांदी तो निवडतो आणि नर-मादी दोघे मिळून ती कोरतात. आडव्या किंवा कललेल्या फांदीत ढोलीचे तोंड बहुधा खालच्या बाजूला असते, म्हणजे पावसाचे पाणी आत जात नाही. आपण वर्णन केलेले भोक नेमके असेच आहे. फांदी का वाळली याचे कारण मुळांत, बुरशीत, किडीत किंवा भोवती केलेल्या सिमेंटच्या फरसबंदीत शोधावे. खोडाला अगदी चिकटून फरशी घातली की मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि शेंड्याकडून फांद्या वाळू लागतात. हा प्रकार शहरातल्या आवारांत नेहमी दिसतो.

आपल्याकडे तांबटाची वीण साधारण जानेवारी ते जून या काळात होते. मादी बहुधा तीन पांढरी अंडी घालते, सुमारे दोन आठवडे दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात आणि नंतर दोघेही पिल्लांना भरवतात. एका हंगामात एकापाठोपाठ एक अशा दोन विणी होणेही सामान्य आहे. म्हणजे पावसाळापूर्व छाटणीचे जे दिवस, एप्रिल आणि मे, तेच तांबटाच्या पिल्लांचेही दिवस. दर वर्षी किती घरटी या छाटणीत जमिनीवर येतात याची कोणी नोंद ठेवत नाही. मात्र छाटणीच्या दिवशी फांदीबरोबर खाली आलेली पिल्ले घेऊन हतबल होऊन आम्हाला दूरध्वनी करणारे वाचक दर वर्षी असतात, आणि त्यांना देण्यासारखे समाधानकारक उत्तर आमच्याकडे नसते.

म्हणून आमचे म्हणणे असे की ठराव रद्द करण्याची गरज नाही, त्याची तारीख आणि पद्धत बदलावी. ज्या फांदीखाली वाट, वाहनतळ किंवा मुलांची खेळण्याची जागा नाही, ती वाळकी फांदी तशीच राहू द्यावी. धोका खरा असेल तर फांदीखालची जागा काही आठवडे दोर बांधून बंद करावी आणि पिल्ले उडून गेल्याची खात्री झाल्यावरच काम करावे. मोठे पक्षी चोचीत फळे घेऊन आत जात असतील तर पिल्ले अजून आत आहेत असे समजावे. त्यानंतरही फांदी मुळापासून न काढता तिचा लांबचा, वजनदार भाग कमी करून खोडाजवळचा जाड खुंट ठेवता येतो. त्यात पुढच्या वर्षी पुन्हा ढोली होऊ शकते. ढोलीचा उपयोग केवळ विणीपुरता नसतो, कारण तांबट रात्री झोपतोही ढोलीतच. त्याने सोडलेली ढोली पुढे दयाळ, साळुंकी किंवा चिमणी वापरते, आणि यांपैकी कोणालाही स्वतः लाकूड कोरता येत नाही. एक वाळकी फांदी काढली की या सर्वांची जागा जाते, हे सभासदांना आवर्जून सांगावे.

कायद्याची बाजूही ध्यानात असू द्यावी. शहरी भागात झाड तोडणे किंवा छाटणे यासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. तांबटाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे, त्यामुळे त्याचे घरटे नष्ट करणे किंवा पिल्ले काढून घेणे हा गुन्हा ठरतो. परंतु आपल्या पत्राच्या स्वरावरून वाटते की आपल्याला कायद्याची भीती दाखवावी लागणार नाही. सभासदांना एका सकाळी खाली बोलावून ढोलीच्या तोंडाशी डोकावणारा पक्षी दाखवला, तर अधिक उपयोग होईल.

प्रश्न : लाकडी घरटे टांगले तर तांबट त्यात येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सहसा येत नाही. तांबटाला ढोली स्वतः कोरायची असते आणि फळ्यांच्या पेटीत कोरण्यासारखे काही नसते. अशा पेटीचा उपयोग दयाळ आणि चिमणी यांना होतो, त्यांच्यासाठी ती जरूर टांगावी. तांबटासाठी काही करायचे असेल तर अंगणातला म्हातारा शेवगा लगेच काढून टाकू नये. त्याचे वाळके, मऊ लाकूड तांबटाला फार आवडते.

प्रश्न : कचेरीच्या काचेवर आदळून एक तांबट खाली पडला. आम्ही त्याच्या चोचीत पाणी घातले, पण तो वाचला नाही. अशा वेळी काय करायला हवे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आदळून सुन्न झालेल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला दूध, भात, पाव यांपैकी काहीही भरवू नये. हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाला सुती कापड घालून त्याला ठेवावे, झाकण लावावे आणि खोके शांत, सावलीच्या जागी ठेवावे. अंधारात पक्षी घाबरत नाही आणि नुसती सुन्नता असेल तर साधारण तासाभरात सावरतो. मग खोके झाडाजवळ नेऊन उघडावे, पक्षी स्वतः उडेल. पंख लोंबत असेल किंवा रक्त येत असेल तर वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. आपण जे केले ते त्याला वाचवण्याच्या इच्छेनेच केले, त्याबद्दल मनात अपराधीपणा ठेवू नये. मात्र त्या काचेवर बाहेरच्या बाजूने दाट ठिपके किंवा उभ्या पट्ट्या लावून घ्याव्यात. काचेत झाडांचे प्रतिबिंब दिसते आणि पक्ष्याला ती मोकळी वाट वाटते, म्हणून तो आदळतो. एखादाच मोठा चिकटवलेला गरुड त्यासाठी पुरेसा होत नाही.

प्रश्न : आमच्या भागात तांबटासारखाच, पण संपूर्ण तोंड आणि गळा लालभडक असलेला पक्षी दिसतो. त्याचे ठोकेही अधिक जलद आहेत. हा तांबटाचाच प्रकार का?
– एक वाचक, सत्तरी, गोवा

उत्तर : तो मलबारी तांबट, एक वेगळी जात. गोव्यापासून दक्षिणेकडे केरळपर्यंत, सह्याद्रीच्या सदाहरित आणि दमट जंगलांत आणि कॉफीच्या सावलीच्या मळ्यांत तो राहतो आणि जगात इतरत्र कोठेही आढळत नाही. साधा तांबट शहरातल्या गुलमोहरावर निभावून नेतो, मलबारी तांबटाला मात्र दमट जंगलच लागते. म्हणून सत्तरीतले जुने वड आणि वठलेले वृक्ष यांचे मोल अधिक आहे. आपल्या भागात याच कुळातला तिसरा पक्षीही असणार, ‘कुटुर्र, कुटुर्र’ ओरडणारा पांढऱ्या गालाचा कुटुरगा. तो आकाराने मोठा आणि बहुतांशी हिरवा असतो. जेथे झाडी विरळ आणि हवा कोरडी, तेथे त्याची जागा तपकिरी डोक्याचा कुटुरगा घेतो.

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही सिंगापूरला राहतो. येथील बागेत अगदी गावाकडच्यासारखे ‘टुक् टुक्’ ऐकू येते. तोच पक्षी का?
– एक वाचक, सिंगापूर

उत्तर : होय, तोच. पाकिस्तानापासून भारत, म्यानमार, थायलंड, मलेशियामार्गे इंडोनेशिया आणि फिलिपीन्सपर्यंत या एकाच जातीचा विस्तार आहे. शास्त्रीय पद्धतीने त्याचे पहिले वर्णन १७७६ मध्ये झाले, तेही फिलिपीन्समधील पक्ष्यावरून. सिंगापूरचे तांबट आपल्याकडच्यांसारखेच पिवळ्या गळ्याचे असतात. जावा किंवा बाली येथे जाण्याचा योग आला तर तेथील तांबट अवश्य पाहावा, कारण आपल्या पक्ष्याच्या गळ्यावर जेथे पिवळा रंग असतो तेथे त्याला लाल असतो.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. तांबटावर मुलांना करता येण्याजोगा, पक्ष्याला त्रास न देणारा एखादा उपक्रम सुचवाल का?
– एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : तांबट यासाठी अतिशय योग्य पक्षी आहे, कारण त्याचे ठोके मोजता येतात. मुलांनी शाळेजवळचे एक झाड ठरवावे आणि जानेवारीपासून आठवड्यातून ठरावीक दिवशी, सकाळी आणि दुपारी, दहा मिनिटे ऐकावे. आवाज आला तर एका मिनिटातले ठोके मोजावेत, आणि आला नाही तर तसे स्पष्ट लिहावे. ‘ऐकू आला नाही’ ही नोंद पुष्कळदा गाळली जाते, पण आवाज केव्हा सुरू झाला आणि केव्हा थांबला हे तिच्याशिवाय कळत नाही. सोबत तापमान लिहावे. दुसऱ्या वहीत परिसरातल्या प्रत्येक वड, पिंपळ आणि उंबराचे नाव, ठिकाण आणि त्याला पिकलेली फळे कोणत्या महिन्यात लागली ते नोंदवावे आणि फळांवर कोणकोणते पक्षी आले ते लिहावे. दोन झाडांच्या फळण्यात किती महिन्यांचे अंतर आहे हे मुलांनी स्वतःच्या नोंदींवरून काढले, तर वरटीचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही. एक गमतीचे निरीक्षणही सांगून ठेवावे. विणीच्या दिवसांत नर फळ घेऊन ढोलीकडे येतो, तेव्हा लालबुड्या बुलबुल ते हिसकावण्यासाठी टपून बसतात. घरट्यापासून मुलांनी पंधरा-वीस पावले दूर राहावे आणि आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवून पक्ष्याला बोलावू नये. विणीच्या काळात त्यामुळे तो विनाकारण हद्दीच्या भांडणात ओढला जातो. वर्षाअखेरीस नोंदी आमच्याकडे पाठवल्यास त्यातील निवडक भाग या सदरात छापण्यास आम्हाला आनंद वाटेल.